सर्फ गिटारसाठी स्प्रिंग रिव्हर्बची पारख

स्प्रिंग रिव्हर्ब म्हणजे स्प्रिंगमधून सिग्नल पाठवून आवाजाला घुमारा देणारे उपकरण. त्याच्या दोन युनिटांची तुलना करायला बसलेला गिटारवादक बहुतेक वेळा पहिली गोष्ट ही करतो की एक मोठा कॉर्ड वाजवतो, हात बाजूला घेतो आणि आवाज किती वेळ रेंगाळतो ते ऐकत राहतो. बॅलडसाठी किंवा संथ वादनासाठी ही चाचणी ठीक आहे, पण सर्फ गिटारसाठी, म्हणजे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीच्या कॅलिफोर्नियातील जलद, घुमाऱ्याने भिजलेल्या गिटारशैलीसाठी, ती जवळजवळ निरुपयोगी आहे. सर्फ शैलीत रिव्हर्बचे खरे काम तार छेडल्यानंतरच्या पहिल्या काही शतांश सेकंदांतच होऊन जाते. हाताच्या कडेने दाबलेल्या तारेवर पिकचा (तार छेडण्याच्या चपट्या पट्टीचा) ठोका बसताच जो ओलसर, टपकणारा, किंचित धातूचा आवाज उमटतो, त्याला वादक ‘ड्रिप’ म्हणतात, आणि एखादे युनिट सर्फसाठी चांगले की सुमार हे त्या ड्रिपवरूनच ठरते. म्हणून या लेखातील तुलनेची सगळी पद्धत त्या पहिल्या ठोक्याभोवती रचली आहे. आवाजाच्या लांबीला तिच्यात दुय्यम स्थान आहे.

हा केवळ आवडीचा भाग नाही, त्यामागे साधे गणित आहे. सर्फ रचनांत एकाच तारेवर पिक खाली-वर चालवून सलग सोळांश स्वर (एका मात्रेत चार) वाजवणे नित्याचे असते. मिनिटाला १६० मात्रांची लय धरली, तर दोन सोळांश स्वरांमधील अंतर सुमारे ९४ मिलिसेकंद येते. म्हणजे रिव्हर्ब दोन सेकंद रेंगाळो किंवा चार सेकंद, त्याच्या पहिल्या दशांश सेकंदातच पुढचा ठोका येऊन बसतो. रेंगाळणारा भाग मागे एक धूसर पडदा धरून असतो आणि कानाला स्पष्ट जाणवते ती प्रत्येक ठोक्याची सुरुवातच.

आधी टँकच्या आत काय घडते ते पाहा

गिटारच्या जगात रूढ झालेला स्प्रिंग टँक, म्हणजे रिव्हर्बच्या स्प्रिंग बसवलेला भाग, मुळात हॅमंड ऑर्गनसाठी विकसित झालेल्या तंत्रातून आला. पत्र्याच्या उथळ पेटीत आणखी एक हलकी चौकट लहान स्प्रिंगांवर लटकलेली असते आणि त्या चौकटीत लांब, अतिशय बारीक वेटोळ्यांच्या मुख्य स्प्रिंग ताणून बसवलेल्या असतात. एका टोकाच्या कॉइलमध्ये (बारीक वायरच्या गुंडाळीत) सिग्नल सोडला की तिथला चिमुकला चुंबक वळवळतो आणि स्प्रिंगला पीळ देतो. तो पीळ स्प्रिंगमधून प्रवास करत दुसऱ्या टोकाच्या चुंबकाला हलवतो आणि तिथल्या कॉइलमध्ये पुन्हा विद्युत सिग्नल तयार होतो. पीळ तिथेच संपत नाही. तो परत फिरतो, पुन्हा येतो, आणि प्रत्येक फेरीत क्षीण होत जातो.

सर्फ गिटारसाठी महत्त्वाचा असलेला ‘टाइप ४’ हा लांब टँक सुमारे ४२.५ सेंटिमीटरचा असतो आणि त्यात दोन स्प्रिंग असतात. जवळून पाहिले तर प्रत्येक स्प्रिंग मध्यभागी जोडलेल्या दोन तुकड्यांची बनलेली दिसते. एका स्प्रिंगमधून सिग्नल सुमारे ३३ मिलिसेकंदांत पार होतो, दुसरीतून सुमारे ४१ मिलिसेकंदांत. हा फरक मुद्दाम ठेवलेला असतो, कारण दोन्ही स्प्रिंग सारख्याच असत्या तर सगळे प्रतिध्वनी एकाच वेळी येऊन आदळले असते आणि ठरावीक अंतराने टकटक ऐकू आली असती.

ड्रिपचे मूळ मात्र स्प्रिंगच्या दुसऱ्याच एका गुणात आहे. वेटोळ्यांच्या स्प्रिंगमधून सगळ्या कंप्रता सारख्या वेगाने जात नाहीत. खालच्या कंप्रता आधी पोहोचतात आणि वरच्या किंचित मागे राहतात. त्यामुळे पिकचा एक क्षणिक ठोका पलीकडच्या टोकाला पोहोचेपर्यंत पसरून खालून वर सरकणारी छोटीशी चिवचिव बनतो, आणि प्रत्येक फेरीत ती आणखी पसरत जाते. टँकमधून साधारण ४ ते ५ किलोहर्ट्झच्या वरचे फारसे काही उपयोगी स्वरूपात येत नाही, म्हणून हा आवाज टोचत नाही, ओलसर वाटतो. ठोका जितका धारदार आणि टँकला मिळणारा जोर जितका जास्त, तितकी ही चिवचिव स्पष्ट होते. तुलनेसाठी हे एक वाक्य लक्षात ठेवले तरी निम्मे काम होते, कारण यापुढच्या सगळ्या चाचण्या शेवटी दोनच प्रश्न विचारतात: टँकला किती जोर मिळतो, आणि तो आवाज साखळीत कुठे मिसळतो.

वेगळी पेटी आणि ॲम्पच्या आतला रिव्हर्ब

गिटार आणि ॲम्प्लिफायर (ॲम्प) बनवणाऱ्या फेंडर कंपनीने १९६१ मध्ये रिव्हर्बची वेगळी पेटी बाजारात आणली. तिचे सर्किट ‘६जी१५’ या क्रमांकाने ओळखले जाते आणि आजही सर्फ आवाजाची मोजपट्टी तीच आहे. तिच्यावर ड्वेल, मिक्सर आणि टोन असे तीन नॉब असतात. ड्वेल टँकला किती जोराने ढकलायचे ते ठरवतो, मिक्सर मूळ सिग्नलमध्ये रिव्हर्बचे प्रमाण ठरवतो आणि टोन रिव्हर्बचा उजळपणा. टँकला ढकलण्याचे काम ६के६ ही पॉवर ट्यूब (सिग्नलची ताकद वाढवणारी निर्वात काचनळी) आउटपुट ट्रान्सफॉर्मरमार्फत करते. एका छोट्या ॲम्प्लिफायरने स्पीकर चालवावा तसाच हा प्रकार आहे, फक्त स्पीकरच्या जागी स्प्रिंग आहेत.

१९६३ मध्ये फेंडरने व्हायब्रोव्हर्ब या ॲम्पमध्ये रिव्हर्ब आतच बसवला आणि पुढे डिलक्स रिव्हर्ब, ट्विन रिव्हर्ब यांसारख्या ॲम्पमधून तो सर्वत्र पोहोचला. नाव आणि टँक सारखे असल्यामुळे अनेकांना वाटते की आवाजही तोच असणार. तसे नाही, आणि याची कारणे तीन आहेत. पहिले म्हणजे या ॲम्पमध्ये टँकला ढकलणारी ट्यूब १२एटी७ ही छोटी प्रीॲम्प (ॲम्पच्या सुरुवातीच्या टप्प्यातील) ट्यूब असते. तिचे दोन्ही भाग समांतर जोडलेले असले तरी ६के६ ची ताकद तिच्यात नसते. दुसरे म्हणजे तिथे ड्वेल नॉब नसतो. रिव्हर्ब नावाचा एकमेव नॉब टँकमधून परत येणाऱ्या सिग्नलचे प्रमाण बदलतो, टँकला मिळणारा जोर बदलत नाही. तो जोर चॅनलच्या व्हॉल्यूमवर अवलंबून राहतो, त्यामुळे घरी हळू आवाजात वाजवताना ड्रिप अचानक गायब झाल्यासारखी वाटते.

तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. वेगळी पेटी गिटार आणि ॲम्पच्या इनपुटच्या मध्ये बसते, म्हणून मूळ सिग्नल आणि रिव्हर्ब दोन्ही एकत्रच ॲम्पच्या पहिल्या ट्यूबवर, टोन नियंत्रणावर आणि व्हॉल्यूमवर जातात. ॲम्प जोरात चालवला की तो दोघांनाही एकत्र दाबतो. ठोक्याचे टोक किंचित खाली बसते आणि त्याच्या मागोमाग येणारी चिवचिव वर उचलली जाते. आतल्या रिव्हर्बमध्ये मिसळण्याची जागा प्रीॲम्पच्या टोन नियंत्रणाच्या पुढे असल्याने हा एकजीवपणा येत नाही. म्हणून आतल्या रिव्हर्बची तुलना बाहेरच्या पेटीशी करताना ‘कोणता चांगला’ असे विचारण्यात अर्थ नाही. त्या दोन वेगळ्या जागा आहेत, आणि ज्याला १९६० च्या दशकाच्या सुरुवातीचा कॅलिफोर्नियाचा आवाज हवा आहे त्याने बाहेरची पेटीच तपासावी.

तुलनेत कोणाकोणाला बसवायचे

आजच्या पर्यायांचे ढोबळमानाने चार गट पडतात. पहिला गट ट्यूब पेट्यांचा: जुनी मूळ पेटी, फेंडरने नंतर काढलेली १९६३ च्या नावाची पुनरावृत्ती, आणि त्याच सर्किटवर हाताने बांधलेल्या प्रती. फेंडरच्या पुनरावृत्तीत ६के६ च्या जागी ६व्ही६ ट्यूब दिलेली होती, आणि बरेच सर्फ वादक ती काढून ६के६ लावून पाहतात. दुसरा गट ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या पण खऱ्या स्प्रिंग असलेल्या पेट्यांचा. त्यातले सर्वांत चर्चेतले नाव सर्फीबेअर. ६जी१५ ची मांडणी एफईटी ट्रान्झिस्टर वापरून उभी केलेली ही पेटी आहे आणि तिच्या मोठ्या आवृत्त्यांत लांब टँक असतो, छोट्या आवृत्तीत आखूड. तिसऱ्या गटात छोट्या स्प्रिंगचे पेडल (पायाने चालू-बंद करायचे छोटे उपकरण), उदाहरणार्थ डॅनइलेक्ट्रोचा स्प्रिंग किंग. चौथा गट संपूर्ण डिजिटल नकलांचा: बॉसचा एफआरव्ही-१, कॅटलिनब्रेडचा टोपांगा, स्ट्रायमनच्या फ्लिंटमधील साठच्या दशकातील स्प्रिंगची नक्कल.

चारही गट एकाच दिवशी एकमेकांसमोर उभे करू नयेत. आधी एका गटात एक विजेता निवडावा आणि मग गटांचे विजेते समोरासमोर आणावेत, कारण ट्यूब आणि डिजिटल यांतला फरक इतका ठळक असतो की त्याच्या गडबडीत दोन ट्यूब पेट्यांमधले बारकावे कानातून निसटतात.

पहिली पायरी: बाकी सगळे स्थिर करा

एकच गिटार, एकच ॲम्प, एकच वायर आणि एकच पिक ठरवून घ्यावे. गिटार सिंगल कॉइल पिकअपची (तारांची कंपने टिपणाऱ्या एकाच गुंडाळीच्या चुंबकी भागाची) असावी. स्ट्रॅटोकास्टर, जॅझमास्टर किंवा जॅग्वार यांपैकी जी हाताशी असेल ती चालेल. पिकअप ब्रिजजवळचा (तारा जिथे गिटारच्या अंगावर टेकतात तिथला) निवडावा, कारण ठोक्याची धार तिथे सर्वाधिक असते. तारा जाड असाव्यात. ०.०१२ इंचापासून सुरू होणारा संच दाबून वाजवताना सैल पडत नाही आणि टँकला भरीव ठोका देतो. पातळ तारांवर तीच पेटी केविलवाणी वाटते आणि दोष पेटीच्या माथी जातो. पिकही जाड आणि कडक हवे.

ॲम्प स्वच्छ आवाजावर ठेवावा. त्याचा आतला रिव्हर्ब आणि ट्रेमोलो (आवाज लयीत कमी-जास्त करणारा परिणाम) पूर्ण बंद करावा, मध्ये दुसरे कोणतेही पेडल ठेवू नये. ट्यूब पेटी ॲम्पच्या इफेक्ट्स लूपमध्ये (प्रीॲम्पनंतर बाहेरची उपकरणे जोडण्याच्या जागेत) जोडण्याचा मोह टाळावा. तिथल्या सिग्नलची पातळी गिटारपेक्षा बरीच जास्त असू शकते आणि मग ड्वेल नॉब एकवरच टँक फाटल्यासारखा वाजू लागतो. पेटीची जागाही ठरवून घ्यावी. ॲम्पच्या डोक्यावर ठेवलेल्या पेटीत स्पीकरचा हादरा थेट स्प्रिंगपर्यंत पोहोचतो, म्हणून चाचणीपुरती तरी ती जमिनीवर, जाड फोमच्या तुकड्यावर, ॲम्पपासून हातभर लांब ठेवावी. आणि ट्यूब पेटी चालू करण्यापूर्वी टँकच्या दोन्ही वायरी लागल्या आहेत याची खात्री करावी, कारण आउटपुट ट्रान्सफॉर्मरला भार न देता पॉवर ट्यूब चालवणे त्याच्या जिवावर बेतू शकते.

दुसरी पायरी: मूळ सिग्नलची पातळी जुळवा

बहुतेक तुलना इथेच फसतात. दोन आवाजांपैकी जो किंचित मोठा, तो कानाला अधिक चांगला वाटतो, आणि रिव्हर्बच्या पेट्यांमध्ये तर मूळ सिग्नलची पातळी पेटीगणिक बदलते. म्हणून प्रत्येक पेटीचा मिक्सर पूर्ण खाली आणावा आणि वायर थेट ॲम्पला जोडल्यावर येणारा आवाज व पेटीतून येणारा आवाज यांची तुलना करावी. आवाज मोजायला मोबाइलवरचे डेसिबल मोजणारे ॲप पुरते. अचूक आकड्याची गरज नाही, दोन पेट्यांमधला फरक एका डेसिबलच्या आत आला म्हणजे झाले. पेटीवर व्हॉल्यूम नसेल तर ॲम्पच्या व्हॉल्यूमवर खुणा करून ठेवाव्यात.

याच पायरीवर दुसरी गोष्ट लक्षात येते. मिक्सर शून्यावर असतानाही काही पेट्या गिटारचा आवाज बदलतात. कुणी वरची धार थोडी कापते, कुणी किंचित गरम करते. हा बदल दोष मानायचे कारण नाही, अनेकांना तो हवाहवासाच वाटतो, पण तो रिव्हर्बच्या खात्यावर मांडू नये. त्याची वेगळी नोंद करावी.

तिसरी पायरी: काय वाजवायचे

चाचणीसाठी चार तुकडे पुरेत, आणि ते प्रत्येक पेटीवर त्याच क्रमाने वाजवावेत.

पहिला तुकडा सर्वांत महत्त्वाचा. उजव्या हाताची कड ब्रिजच्या अगदी काठावर टेकवावी, इतकी की सहावी तार दबलेली असेल पण तिचा स्वर ओळखू येईल. मग त्या तारेवर आधी एकेक सुटा ठोका, दोन ठोक्यांत सेकंदभराचे अंतर ठेवून, आणि नंतर सलग सोळांश स्वर. सुट्या ठोक्यात ऐकायचे ते असे: ठोका आणि चिवचिव या दोन वेगळ्या घटना वाटतात की एकच? चिवचिवीला स्वतःचा आकार आहे की ती नुसतीच खरखर आहे? चांगल्या पेटीत ठोक्याच्या मागे एक गोलसर ‘प्लुक’ ऐकू येतो आणि त्याची उंची तारेच्या स्वराबरोबर बदलत नाही, कारण ती स्प्रिंगची असते, तारेची नव्हे. सलग सोळांश स्वरांत पाहायचे ते हे की प्रत्येक ठोक्याची ड्रिप सुटी राहते का. ती एकमेकांत मिसळून सपाट धुके झाले तर पेटी कितीही महाग असो, सर्फसाठी ती बाद.

दुसऱ्या तुकड्यात तीन वरच्या तारांवर एक कॉर्ड झटक्यात वाजवून लगेच डाव्या हाताने बंद करावा. मूळ आवाज तुटल्यावर जे उरते ते निव्वळ रिव्हर्ब असते, आणि त्यात मधल्या कंप्रतांचा भर किती आहे, स्प्रिंगांचा टकटकाट जाणवतो का, हे इथे उघडे पडते. तिसरा तुकडा म्हणजे सहाव्या तारेवर वेगाने पिक चालवत वरून खाली घसरत येणे. सर्फमधली ही खास लकब कमकुवत पेटीला लगेच उघडी पाडते, कारण खालच्या स्वरांत टँक गढूळ होऊ लागतो. चौथा तुकडा संथ: दुसऱ्या-तिसऱ्या तारेवरची साधी धून, व्हायब्रेटो आर्मने (तारांचा ताण बदलणाऱ्या ब्रिजवरच्या दांडीने) प्रत्येक दीर्घ स्वर हलवत. रेंगाळणाऱ्या भागाची परीक्षा इथे होते, आणि एवढ्यापुरतीच ती व्हावी.

शक्य असेल तर हे चार तुकडे ऑडिओ इंटरफेसमधून (गिटार संगणकाला जोडणाऱ्या उपकरणातून) कोरडे, म्हणजे कोणताही परिणाम न लावता, रेकॉर्ड करावेत आणि रीॲम्प बॉक्समधून (रेकॉर्डिंग गिटारच्या पातळीवर आणणाऱ्या उपकरणातून) प्रत्येक पेटीला तेच रेकॉर्डिंग द्यावे. मग हाताच्या जोरातला फरक नाहीसा होतो, आणि एखाद्या मित्राला पेट्या बदलायला सांगून नावे न कळता ऐकता येते. तरीही हातात गिटार घेऊन केलेली फेरी वगळू नये. काही पेट्या ऐकायला उत्तम असतात पण वाजवताना ठोका उशिरा आल्यासारखा, दबल्यासारखा लागतो, आणि हे रेकॉर्डिंगमधून कळत नाही.

चौथी पायरी: नॉब फिरवण्याचा क्रम

सगळे नॉब मध्यावर ठेवून तुलना करणे सोयीचे वाटते पण न्याय्य नसते, कारण एका पेटीचा पाच म्हणजे दुसरीचा सात असू शकतो. क्रम असा ठेवावा. मिक्सर अर्ध्यावर आणि टोन अर्ध्याच्या थोडा वर ठेवून फक्त ड्वेल हळूहळू वाढवत न्यावा आणि पहिला तुकडा वाजवत राहावा. एका टप्प्यावर ड्रिप स्पष्ट होते. तिथे पहिली खूण. पुढे वाढवत गेल्यावर ट्यूब किंवा टँकच्या कॉइल थकू लागतात आणि ड्रिपच्या कडेला चरचर येते; तिथे दुसरी खूण. या दोन खुणांमधले अंतर जितके मोठे, तितकी पेटी उपयोगी, कारण गिटार, पिकअप किंवा हाताचा जोर बदलला तरी ती सांभाळून घेते. माझ्या मते संपूर्ण तुलनेतला हा एकच निकष ठेवायचा म्हटले तर तो हाच ठेवावा.

त्यानंतर ड्वेल दोन खुणांच्या मध्ये थांबवून मिक्सर वाढवावा, तो धून वाहून जायला लागते तिथपर्यंत. सर्फमध्ये मिक्सर इतर शैलींपेक्षा वर ठेवला जातो, पण मूळ ठोका रिव्हर्बखाली दबला की ड्रिपही दबते, हे विसरू नये. नवख्याची नेहमीची चूक म्हणजे ड्वेल कमी ठेवून मिक्सर वर नेणे. त्यातून रिव्हर्ब भरपूर मिळतो, पण तो गुहेतल्यासारखा, बिनधारेचा. टोन शेवटी. तो वर नेला की चिवचिव पुढे येते आणि सोबत ट्यूबची सळसळही. ती सळसळ दोन सुरांच्या मधल्या शांततेत ऐकू येऊ लागली की नॉब किंचित मागे घ्यावा.

गुणगुण आणि हादरे

टँकचा आउटपुट कॉइल हा एका अर्थी पिकअपच आहे, आणि जवळच्या पॉवर ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र तो आनंदाने पकडतो. म्हणून चांगल्या पेटीत टँकचे आउटपुटचे टोक ट्रान्सफॉर्मरपासून लांब असते. पेटी गुणगुणत असेल तर गिटारची वायर काढून ऐकावे. गुणगुण मिक्सरबरोबर कमी-जास्त होत असेल तर उगम टँक किंवा त्याच्या पुढचा भाग आहे, आणि टँकची दिशा उलटवून किंवा पेटी ॲम्पपासून सरकवून ती बरीच कमी होते. मिक्सरशी तिचा संबंध नसेल तर पेटी व ॲम्प दोन्हींना अर्थिंग असल्यामुळे तयार झालेला ग्राउंड लूप असण्याची शक्यता आहे. दोघांना एकाच सॉकेटच्या पट्टीवर जोडून पाहावे. अर्थिंगची पिन तोडण्याचा उपाय काही जण सुचवतात. तो कधीही करू नये. १९६० च्या दशकातील अमेरिकी पेटी घेत असाल तर तिच्यावर मूळची दोन पिनांची वायर आहे का ते आधी पाहावे आणि असल्यास जाणकाराकडून तीन पिनांची वायर बसवून घेतल्याशिवाय ती वापरू नये. ट्यूब पेटी उघडून आत हात घालणेही त्याच्यावरच सोपवावे, कारण बंद केल्यावरही फिल्टर कपॅसिटरमध्ये धोकादायक भार उरतो.

हादऱ्याची चाचणी सोपी आहे. पेटीवर बोटाने हलकेच टिचकी मारावी. गडगडाट होणारच, तो खऱ्या स्प्रिंगचा स्वभावच आहे. प्रश्न एवढाच की तो किती लवकर शमतो, आणि शेजारी बास गिटार जोरात वाजत असताना स्प्रिंग आपोआप घुमू लागतात का.

टँक आणि ट्यूब बदलण्यापूर्वी

एखादी पेटी नापास करण्याआधी तिचा टँक तपासावा. ॲक्युट्रॉनिक्स या टँक बनवणाऱ्या कंपनीच्या टँकवरील सांकेतिक क्रमांक वाचता आला की बरेच कळते. ६जी१५ प्रकारच्या पेट्यांत सहसा ‘४एबी३सी१बी’ हा टँक असतो. पहिला ४ म्हणजे लांब, दोन स्प्रिंगांचा प्रकार. ए म्हणजे इनपुट ८ ओहम, बी म्हणजे आउटपुट २२५० ओहम. त्यापुढचा ३ म्हणजे दीर्घ रेंगाळणे, कंपनीच्या मापानुसार २.७५ ते ४ सेकंद. २ असता तर मध्यम, १.७५ ते ३ सेकंद, आणि १ म्हणजे आखूड. पुढची सी जोडण्यांचे ग्राउंडिंग सांगते आणि शेवटची बी सांगते की टँक आडवा, उघडी बाजू खाली ठेवून बसवायचा आहे. तो उलटा बसवला तर स्प्रिंग आणि चुंबक आपल्या नेमक्या जागी राहत नाहीत आणि आवाज बिघडतो.

बदली टँक घेताना इनपुट आणि आउटपुटची अक्षरे तीच ठेवावीत. ट्रान्सफॉर्मरच्या जागी आयसी (इंटिग्रेटेड सर्किटची चिप) वापरणाऱ्या पेट्यांना अनेकदा १५० किंवा ६०० ओहमचा इनपुट लागतो. तिथे ८ ओहमचा टँक लावला तर आवाज क्षीण किंवा फाटका येतो. मल्टिमीटर असेल तर खात्री करता येते. ८ ओहमच्या इनपुट कॉइलचा डीसी रोध एक ओहमपेक्षाही थोडा कमी, सुमारे ०.८, दिसतो आणि २२५० ओहमच्या आउटपुट कॉइलचा सुमारे २००. मीटर काहीच दाखवत नसेल तर बहुधा आतली केसासारखी बारीक वायर जोडणीपाशी तुटलेली असते, आणि मेलेली समजलेली पेटी एका सोल्डरने जिवंत होते.

तीन स्प्रिंगांचा ‘टाइप ९’ टँक त्याच लांबीचा असतो आणि अनेकांना सुधारणा वाटतो, कारण त्याचे रेंगाळणे दाट आणि गुळगुळीत असते. सर्फसाठी मात्र दोन स्प्रिंगांचा विरळपणाच उपयोगी. प्रतिध्वनींमध्ये फट असेल तरच चिवचिव सुटी ऐकू येते. दीर्घऐवजी मध्यम रेंगाळण्याचा टँक लावून पाहण्यासारखा असतो. जलद रचना त्यात अधिक स्वच्छ होतात. आखूड, सुमारे साडेतेवीस सेंटिमीटरचे टँक जागा वाचवतात, पण त्यांची चिवचिव घाईची आणि खोक्यातल्यासारखी वाटते, आणि ड्वेल वाढवून ती उणीव भरून निघत नाही.

डिजिटल नकलांविषयी थोडक्यात

डिजिटल पेडलवर तेच चार तुकडे, त्याच क्रमाने. त्यांची बाजू भक्कम आहे: गुणगुण नाही, हादऱ्याची भीती नाही, वजन नाही, आणि दर वेळी तोच आवाज. त्यातली चांगली पेडल सुट्या ठोक्याच्या चाचणीत खऱ्या पेटीच्या बरीच जवळ येतात. फरक जाणवतो तो सोळांश स्वरांत आणि घसरण्याच्या तुकड्यात. खऱ्या टँकमध्ये मागच्या ठोक्याची लहर अजून फिरत असताना नवा ठोका तिच्यावर बसतो, जोर वाढला की ट्यूब आणि कॉइल दोन्ही दबतात, त्यामुळे दोन ठोके कधी हुबेहूब सारखे येत नाहीत. नकलेत हा ताण अनेकदा फिका पडतो. ज्यांना महिन्यातून काही कार्यक्रम वेगवेगळ्या ठिकाणी, दुसऱ्याच्या ॲम्पवर वाजवायचे असतात त्यांनी डिजिटल घेण्यात काहीही गैर नाही. मी स्वतः घरच्या रेकॉर्डिंगसाठी मात्र खऱ्या स्प्रिंगलाच मत देईन.

निवड कशी करावी

ट्यूब पेटी आणि एफईटी पेटी यांत अडकला असाल तर ड्वेलच्या त्या दोन खुणांमधले अंतर आणि चरचर येण्याची पद्धत यांवर निर्णय घ्यावा. ट्यूब पेटी हळूहळू फाटत जाते, म्हणून जोरात वाजवणाऱ्या हाताला ती बोलकी वाटते. एफईटी पेटी अधिक काळ स्वच्छ राहते आणि देखभाल जवळजवळ मागत नाही. ट्यूब पेटीत ६के६ आणि ६व्ही६ यांची अदलाबदल करायची असेल तर पिना जुळतात, पण ६व्ही६ फिलामेंटला (ट्यूबमधील तापणाऱ्या तारेला) किंचित जास्त प्रवाह घेते, म्हणून जुन्या ट्रान्सफॉर्मरवर ती लावण्याआधी तंत्रज्ञाला विचारावे. ६व्ही६ टँकला अधिक जोराने ढकलते, आणि ६के६ ची ड्रिप माझ्या कानाला गोल व आटोपशीर लागते. ट्यूब बदलल्यावर ड्वेलच्या दोन्ही खुणा सरकतात, तेव्हा चौथी पायरी नव्याने करावी.

निवड झाल्यावर एक फेरी राहते. ड्रम आणि बास पूर्ण जोरात असताना, सरावाच्या खोलीत, ठरवलेल्या खुणांवर पहिला तुकडा पुन्हा वाजवावा. एकट्याने ऐकताना पुरेशी वाटलेली ड्रिप झांजांच्या आवाजात बुडते, आणि अशा वेळी मिक्सरला हात न लावता आधी ड्वेल थोडा वाढवावा, मग टोन. तरीही ठोका वर येत नसेल तर ॲम्पवरचा ट्रेबल पाहावा, कारण पेटी आणि गिटार दोघेही शेवटी त्याच नॉबमधून बाहेर पडतात.